शाळेच्या कारभारांत आईबापांची व शिक्षकांची जागा

दरवर्षीं आमच्या या वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत परीक्षांचे निकाल, खेळांतील यश, सहली व स्नेहसंमेलन यांचें वृत्त वाचकांस वाचावयास मिळतें. शाळेचा कारभार कोण पाहतें, तिचे निर्णय कोणत्या खोलींत व कोणाच्या संमतीनें होतात, याविषयीं मात्र आमच्या पानांवर फारसें कांहीं येत नाहीं. विषय रूक्ष खरा. परंतु मुलांच्या शिक्षणावर वर्गांतील फळ्याइतकाच बैठकीच्या टेबलाचाही परिणाम होतो, अशी आमची खात्री झालेली असल्यामुळें यंदा त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकितों. माध्यमिक शाळेच्या नियामक समितींत पालकांनीं व शिक्षकांनीं आपापल्यांतून निवडलेले प्रतिनिधी बसले पाहिजेत. आणि आमच्यासारख्या ख्रिस्ती शाळेंत तर, कायद्याची सक्ति नसतांही, ते बसले पाहिजेत.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. कित्येक वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका गांवच्या शाळेंत शिक्षक होतों. ज्येष्ठतेच्या क्रमानें त्या वर्षीं शाळा समितींत शिक्षकांचा प्रतिनिधि म्हणून बसण्याची पाळी आमच्यावर आली. जानेवारीच्या बैठकींत असा ठराव आला कीं, पुढील जूनपासून शाळा अकराऐवजीं सकाळीं साडेसात वाजतां भरावी. कारणें सयुक्तिक होतीं. दुपारीं त्याच इमारतींत प्राथमिक वर्ग भरवितां येणार होते, नवीन खोल्या बांधण्याचा खर्च वांचणार होता, आणि शिक्षकांचीही सोय होणार होती. दहा मिनिटांत ठराव संमत झाला. समितींत बसलेल्यांपैकीं एकाचेंही मूल त्या शाळेंत शिकत नव्हतें.

जूनमध्यें शाळा उघडली, आणि पहिल्याच आठवड्यांत असें दिसून आलें कीं, तीन खेड्यांवरून येणारीं सुमारें चाळीस मुलें प्रार्थना संपल्यावर फाटकाशीं येऊन उभीं राहतात. त्यांची एस. टी. आठ वाजण्यास दहा मिनिटें असतां येई. तिच्यापूर्वीं दुसरी गाडी नव्हती. उशिरा येणाऱ्यांस नियमाप्रमाणें पहिला तास बाहेर उभें करण्यांत येई, आणि दहावीचा पहिला तास गणिताचा होता! ऑगस्ट महिन्यांत एक बाई शेतावरची मजुरी बुडवून शाळेंत आली. तिनें आम्हांस व्हरांड्यांत गांठलें आणि म्हटलें, “सर, गाडी काय माझ्या पोरीच्या हातांत हाय? ठरवताना आम्हाला एक शब्द इचारला असता, तर गाडीची येळ आम्हीच सांगितली असती.” दिवाळीच्या सुटीनंतर शाळेची वेळ बदलण्यांत आली. परंतु तोंवर सात मुली शाळा सोडून घरीं बसल्या होत्या. त्यांपैकीं पांच परत आल्या. दोघी आल्या नाहींत.

आतां या गोष्टींतील आमचा दोष सांगितला पाहिजे. त्या गाडीची वेळ आम्हांस ठाऊक होती. रोज सकाळीं वर्तमानपत्र घ्यावयास आम्ही त्याच थांब्यावर जात असूं, आणि तीं मुलें गाडींतून उतरतांना पाहत असूं. ठरावाच्या वेळीं तें आमच्या जिभेवर आलेंही होतें. परंतु चिटणिसांनीं ठराव वाचला, अध्यक्षांनीं मान हालविली, आणि आम्हीं सही केली. ज्यांच्यापुढें आमचा गोपनीय अहवाल जावयाचा, तींच माणसें समोर बसलेलीं होतीं. शिवाय आमची जागा पाळीनें आलेली. सहकाऱ्यांनीं आम्हांस निवडलेलें नव्हतें, तेव्हां बैठकींत तुम्ही काय बोललांत असें विचारण्याचा हक्क कोणास आहे, असेंही त्या वेळीं मनांत आलें. त्या दोन मुलींचीं नांवें हजेरीपटावर तांबड्या शाईनें खोडण्याचें काम वर्गशिक्षक या नात्यानें आमच्याकडेच आलें. तेव्हांपासून हा विषय आमच्या मनांतून गेलेला नाहीं.

या प्रसंगावरून आम्ही दोन गोष्टी शिकलों. घरीं काय चाललें आहे हें आईबापांस जसें कळतें, तसें तें कोणत्याही विद्वान सभासदास कळत नाहीं. म्हणून पालकांवांचून बसलेली समिति सद्हेतूनेंही चुकते. दुसरी गोष्ट अशी कीं, वर्गांत काय घडतें हें शिक्षकास ठाऊक असतें. परंतु त्याच्या पाठीशीं त्याच्या सहकाऱ्यांचें मत उभें नसेल, तर तो ठाऊक असलेलेंही बोलत नाहीं. नुसती खुर्ची देऊन भागत नाहीं. त्या खुर्चीवर कोणाच्या वतीनें बसलों, हें बसणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.

शाळेच्या समितीची कल्पना आपल्या देशांत नवी नाहीं. १८५४ सालीं सर चार्ल्स वुड यांच्या कारकीर्दींत विलायतेहून शिक्षणविषयक जो प्रसिद्ध खलिता आला, त्यांत खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची पद्धति सांगितली होती. आणि तिच्या अटींत, शाळेवर देखरेख ठेवणारी व तिच्या स्थैर्याबद्दल जबाबदार राहणारी स्थानिक मंडळी असली पाहिजे, अशी एक अट होती. परंतु ही मंडळी म्हणजे कोण? आश्रयदाते, वर्गणीदार, देणग्यांचे विश्वस्त. ज्याचा पैसा त्याची देखरेख, असा तो हिशेब होता. ज्याचें मूल त्याचीही देखरेख, हा विचार त्या काळीं कोणास सुचला नाहीं, आणि त्याबद्दल त्या काळास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या मिशन शाळांचा इतिहासही याच वळणाचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचें काम मुंबईस १८१३ सालीं व अहमदनगरास १८३१ सालीं सुरू झालें. ज्या काळीं मुलींस व दलितांस अक्षर शिकविणें लोकांस मानवत नव्हतें, त्या काळीं परदेशांतून आलेल्या स्त्रीपुरुषांनीं त्यांच्यासाठीं शाळा चालविल्या, हें ऋण आम्ही विसरूं शकत नाहीं. परंतु त्या शाळांचा पैसा समुद्रापलीकडून येई, व मोठे निर्णयही पलीकडील मंडळींच्या संमतीनें होत. पुढें येथील ख्रिस्ती मंडळींत सुशिक्षित पिढी उभी राहिली, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनीं नम्रपणें पण स्पष्टपणें म्हटलें कीं, जें काम आमच्यासाठीं चाललें आहे, त्याचा कारभार आमच्यासह चालावा. १९१० सालीं एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेंत अझरय्या यांनीं परदेशी मिशनऱ्यांपाशीं पैसा किंवा त्याग मागितला नाहीं, तर बरोबरीची मैत्री मागितली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९७० सालीं नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हां उत्तर व पश्चिम हिंदुस्थानांतील अनेक मंडळ्या आपल्याच नेतृत्वाखालीं एकत्र आल्या.

हें सर्व सांगण्याचा हेतु एकच. जो युक्तिवाद आमच्या वडीलधाऱ्यांनीं मिशनपुढें मांडला, तोच युक्तिवाद आज पालक आमच्यापुढें मांडूं शकतात. “तुम्ही अजून तयार नाहीं,” हें उत्तर त्या वेळीं आमच्या माणसांस कडू लागलें होतें. तेंच उत्तर आतां आम्हीं दुसऱ्यांस द्यावें काय?

पवित्र शास्त्रांतही याविषयीं एक बोधप्रद प्रसंग आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, यरुशलेम येथील मंडळींत रोजच्या वांटणींत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनीं केली. प्रेषितांनीं कुरकुर करणाऱ्यांस गप्प बसविलें नाहीं. त्यांनीं सर्व मंडळीस बोलावून सांगितलें कीं, तुमच्यांतून सात चांगले पुरुष तुम्हीच निवडा. निवडलेल्या सातांचीं नांवें वाचलीं असतां तीं सर्व ग्रीक असल्याचें दिसतें. ज्यांची तक्रार होती, त्यांच्या भाषेचे लोक वांटणीवर नेमण्यांत आले. आणि त्यानंतर शिष्यांची संख्या फार वाढत गेली, असें तेथेंच लिहिलें आहे. अधिकार वांटल्यानें मंडळी दुबळी झाली नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिति स्थापण्यास सांगितलें. तींत तीन चतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावेत, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता आहे. २०१२ सालच्या दुरुस्तीनें अल्पसंख्याकांच्या शाळांतील अशा समितीस केवळ सल्ला देण्याचें काम उरलें. आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाकडे पाहून, हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस मुळींच लागूं नाहीं, असा निर्णय दिला. २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानें त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त केली आहे. महाराष्ट्रांतील शुल्कविषयक २०११ सालच्या कायद्यानें पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिति नेमावयास लाविली, व तिच्यावर येणाऱ्या पालकांची निवड सोडतीनें ठरविली. परंतु त्या समितीचें मुख्य काम फीपुरतें आहे.

याचा अर्थ असा कीं, माध्यमिक शाळेच्या सर्व कारभारांत पालकांस निवडून घेण्याची सक्ति आम्हांवर नाहीं. घटनेनें आम्हांस आपल्या शाळा आपण चालविण्याचें स्वातंत्र्य दिलें, तें मोलाचें आहे, आणि तें राखलें पाहिजे. परंतु स्वातंत्र्य मिळालें तें दार लावून घेण्यासाठीं मिळालें, असें आम्हांस वाटत नाहीं. कायद्याच्या दंडक्याखालीं जें इतरांस करावें लागतें, तें आम्ही आपण होऊन, अधिक चांगल्या रीतीनें करूं शकलों, तर त्या स्वातंत्र्याची शोभा वाढेल.

इतर देशांनीं हा मार्ग पूर्वींच धरिला आहे. इंग्लंडांत १९७७ सालीं टेलर समितीनें शाळांच्या नियामक मंडळांत पालक, शिक्षक व स्थानिक समाज यांना बरोबरीची जागा असावी अशी शिफारस केली, आणि १९८० सालच्या कायद्यानें निवडून आलेल्या पालकांच्या व शिक्षकांच्या जागा पक्क्या झाल्या. तेथील एक नियम आम्हांस विशेष पसंत आहे: शाळेंतील एकाद्या नोकराच्या वेतनाची चर्चा निघाली कीं, सेवकवर्गाच्या प्रतिनिधीनें उठून बाहेर जावें. न्यूझीलंडांत १९८९ सालच्या सुधारणेनें प्रत्येक शाळेचा कारभार पालकांनीं निवडलेल्या विश्वस्त मंडळाकडे सोंपविला. त्यांत शिक्षकांचा एक प्रतिनिधि असतो, आणि माध्यमिक शाळेंत विद्यार्थ्यांचाही एक. तेथील सर्व कांहीं येथें जसेंच्या तसें आणावें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पालक व शिक्षक एका टेबलाशीं बसल्यानें शाळा बुडत नाहींत, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

आमच्या या मतावर आक्षेप येतील, हें आम्ही जाणून आहों. पहिला आक्षेप असा कीं, आमचे पुष्कळसे पालक कमी शिकलेले आहेत. त्यांना अंदाजपत्रक काय कळणार? यावर आमचें उत्तर असें कीं, हिशेब तपासावयास संस्थेजवळ हिशेबनीस आहेत. गाडीची वेळ सांगावयास पदवी लागत नाहीं. दुसरा आक्षेप, पालक आपल्याच मुलापुरतें पाहतील. ही भीति खोटी नव्हे. म्हणून कोणा एका मुलाचे गुण, शिक्षा किंवा प्रवेश हा विषय समितीपुढें काढूंच नये, असा नियम करावा. तिसरा आक्षेप, गांवचें राजकारण शाळेंत शिरेल. तें आजही चहाच्या दुकानांत व भ्रमणध्वनीवरील गटांत शिरलेलेंच आहे. तेथें कोणी कांहींही बोलतो, व त्याबद्दल जबाबदार राहत नाहीं. बैठकींत बोललेलें इतिवृत्तांत उतरतें. चौथा आक्षेप, शिक्षक आपल्या पगाराची व सोयीची बाजू घेतील. त्यास वर सांगितलेला इंग्लंडांतील नियम पुरेसा आहे. शेवटचा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. आमच्या शाळेंतील बहुतेक मुलें ख्रिस्ती नाहींत. त्यांचे पालक समितींत आले, तर शाळेचें ख्रिस्ती स्वरूप राहील काय? समितींत बहुमत संस्थेचेंच राहावें, आणि उपासना, मालमत्ता व धर्मविषयक बाबी संस्थेकडेच राहाव्यात, याबद्दल आमचें दुमत नाहीं. परंतु हिंदु, मुसलमान व बौद्ध घरांतील आईबाप पिढ्यान्‌पिढ्या आपलीं लेंकरें विश्वासानें आमच्या हातीं देत आले आहेत. ज्यांस आम्ही आपलें मूल सोंपविण्यास योग्य वाटलों, त्यांस आम्ही एक खुर्ची देण्यास भ्यावें, हें आमच्या ख्रिस्ती स्वरूपास शोभणारें नाहीं.

तेव्हां प्रत्यक्ष काय करावें? आमच्या अल्प बुद्धीस सुचलेल्या गोष्टी येणेंप्रमाणें आहेत. पालकांचे दोन प्रतिनिधी गुप्त मतदानानें दोन वर्षांकरितां निवडावेत. त्यांपैकीं निदान एक आई असावी, आणि निदान एक जागा बाहेरगांवाहून येणाऱ्या किंवा वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठीं राखावी. पाळीनें येणारी शिक्षकाची जागा असेल ती राहोच. तिच्या जोडीस शिक्षकांनीं एक प्रतिनिधि निवडून द्यावा. शिक्षकेतर सेवकांसही एक जागा असावी, कारण फाटकाशीं कोणतीं मुलें कां उभीं आहेत, हें शिपायाइतकें कोणास ठाऊक नसतें. बैठक रविवारीं दुपारीं व्हावी, म्हणजे मोलमजुरी करणाऱ्याचा रोज बुडणार नाहीं. बैठकींत झालेल्या निर्णयांचा सारांश आठवड्याच्या आंत सोप्या मराठींत फलकावर लावावा. वर्षांतून एकदां पालकांच्या सभेंत शाळेचा जमाखर्च वाचून दाखवावा, व शंका विचारण्यास पुरता वेळ द्यावा. यांतील एकाही गोष्टीस मोठा खर्च लागत नाहीं.

पालकबंधुभगिनींनो, ही जागा उद्यां मिळाली तर ती मानाची म्हणून घेऊं नका. निवडून आलेल्या पालकानें सर्व मुलांचा पालक होऊन बसावयाचें आहे. बैठकीपूर्वीं कागद वाचावे लागतील; न कळलें तर विचारावें लागेल, आणि विचारण्यांत लाज नाहीं. ज्या शिक्षकावर राग आहे, त्याचीही बाजू ऐकून घ्यावी लागेल. निकालाचे आंकडे सर्वच विचारतात. परंतु किती मुलें मध्येंच शाळा सोडून गेलीं, त्यांत मुली किती, आणि त्यांच्या घरीं कोण जाऊन आलें, हें विचारणारा पालक आम्हांस हवा आहे.

आमच्या शिक्षकबंधूंस आम्ही काय सांगावें? आम्ही गप्प बसून सही केलेली आहे, तेव्हां उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस थोडाच आहे. एवढेंच म्हणतों कीं, आपला प्रतिनिधि निवडाल तेव्हां सर्वांत गोड बोलणारा निवडूं नका, सर्वांत भांडखोरही निवडूं नका. खरें तें शांतपणें बोलणारा निवडा, आणि तो बोलल्यावर त्यास एकटा सोडूं नका.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख तुम्हीही वाचीत असाल. वर्गाचा प्रमुख निवडतांना तुम्ही कोणास मत देतां, हा खेळ नव्हे. तेथूनच या कामाचें शिक्षण सुरू होतें. आणि तुमच्या शेजारचें बांक कांहीं दिवस रिकामें दिसलें, तर तें पहिल्यानें तुम्हांसच दिसतें. तें घरीं सांगा, शाळेंत सांगा.

येत्या जूनमध्यें नवें वर्ष सुरू होईल. त्यापूर्वीं संस्थेच्या चालकांनीं या सूचनांचा विचार करावा, अशी आमची त्यांस नम्र विनंति आहे. त्या दोन मुली आतां मोठ्या झाल्या असतील. कदाचित् त्यांचींही लेंकरें कोठेंतरी शाळेंत जात असतील. त्या शाळेची वेळ ठरवितांना त्यांस कोणी एक शब्द विचारो, हीच परमेश्वरापाशीं आमची प्रार्थना आहे.